धर्मानंद कोसंबी यांची विद्यायात्रा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आठपंधरा दिवस आमच्या घरी विद्यार्थ्यांची व पालकांची वर्दळ चालू असते. प्रश्न बहुधा एकच असतो : मुलाला पुढे कोठे घालावे? कोणी पणजीचे नाव घेतो, कोणी बेळगावचे, कोणी पुण्याचे. बहुतेकांच्या बोलण्यात गावाचे नाव आधी येते, कॉलेजच्या इमारतीचे वर्णन त्यामागून येते, आणि मुलाला काय शिकावयाचे आहे ही गोष्ट आम्ही विचारल्यावाचून निघतच नाही. अशा वेळी आम्हांस आमच्याच गोव्यातील एका पुरुषाची आठवण होते. त्याला काय शिकावयाचे आहे हे पक्के ठाऊक होते. ते कोठे शिकावयास मिळेल हे मात्र सांगणारे कोणी नव्हते. ते ठिकाण शोधण्यात त्याने अडीच वर्षे घालविली, आणि शोधाची किंमतही मोठी मोजली. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी, आज मुरगाव तालुक्यात मोडणाऱ्या सांखवाळ गावी झाला. घरची भाषा कोंकणी, शिक्षणाची मराठी, आणि राज्य पोर्तुगीजांचे. गावच्या मराठी शाळेत जे थोडेबहुत शिक्षण मिळाले तेवढेच. प्रकृती लहानपणापासून नाजूक. वडिलांच्या नारळीच्या बागांची देखरेख करावी, संसार करावा, असे आयुष्य समोर आखून ठेवलेले होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नही लहान वयातच झाले. पत्नीचे नाव बाळाबाई.

या आयुष्यात त्यांचे मन रमत नव्हते. हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचावे, आणि वाचून अधिकच अस्वस्थ व्हावे, असा क्रम चालला होता. अशा स्थितीत विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्रावरील लेख त्यांच्या वाचनात आला. ‘बालबोध’ हे मुलांसाठी चालविलेले मासिक होते. त्यातील लहानशा लेखाने वीसबावीस वर्षांच्या एका खेडवळ तरुणाच्या मनाची पकड घेतली ती कायमची. (शालेय अंकात काय छापावयाचे, त्याला कोण वाचणार, असे म्हणणाऱ्या आमच्या काही सहकाऱ्यांना आम्ही ही गोष्ट नेहमी सांगतो.) बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, हा निश्चय तेव्हा झाला. परंतु बुद्धाच्या या देशात त्याचा धर्म शिकविणारी शाळा कोठे आहे, हे सांखवाळात कोणास माहीत असणार?

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी, माणिक, झाली होती. तान्ह्या मुलीला आणि पत्नीला मागे ठेवून ते पुण्यास निघाले. या ठिकाणी चरित्रकार सहसा त्यागाचे गुणगान करून पुढे जातात. आम्हांस तसे करवत नाही. त्याग कोसंबींनी केला हे खरे; पण त्या त्यागाचे ओझे ज्यांच्या खांद्यांवर पडले त्यांना कोणी विचारले नव्हते. बाळाबाईंनी पुढची जवळजवळ सात वर्षे पतीवाचून काढली. धर्मानंदांच्या विद्येचा हिशेब मांडावयाचा तर ही सात वर्षे खर्चाच्या बाजूस लिहिलीच पाहिजेत.

पुण्यास ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याकडे गेले. भांडारकर हे त्या काळचे प्राच्यविद्येचे अग्रणी. त्यांचा आश्रय मिळाला, संस्कृतचा आरंभ झाला. संस्कृतावाचून पुढचा मार्ग नाही हे धर्मानंदांनी ओळखले होते. बुद्ध हवा होता, पण त्याच्याकडे थेट उडी घेता येत नाही. आधी व्याकरणाची पायरी चढावी लागते. येथे त्यांची पहिली शहाणीव दिसते. पुण्यातील सोयीत न अडकता ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. काशीस संस्कृताचे अध्ययन विनावेतन होई, आणि अन्नछत्रांत जेवण मिळे. छत्रातले अन्न, जुनेरी वस्त्रे, आणि दिवसभर व्याकरणाचे पाठांतर, अशी त्यांची तेथील दिनचर्या होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही शिष्यवृत्ती आणि हेच वसतिगृह.

काशीचे पंडित व्याकरणात अद्वितीय. परंतु बुद्धाविषयी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते. जे येथे आहे ते घ्यावे, जे नाही त्यासाठी उठावे, हा धर्मानंदांचा नेम. गुरुजनांशी वाद न घालता, त्यांना दोष न देता, ते १९०२ च्या आरंभी नेपाळकडे वळले. बुद्धाचा जन्म त्या बाजूचा, तेव्हा धर्मही तेथे जिवंत असेल अशी आशा होती. ती फोल ठरली. नेपाळातील बौद्ध धर्माची त्या वेळची अवस्था पाहून त्यांचे मन खिन्न झाले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या वाट्याला असा प्रसंग येतो : मोठ्या आशेने एखाद्या संस्थेत जावे आणि पहिल्याच सत्रात आपण भलत्या ठिकाणी आलो असे कळावे. अशा वेळी कोणी रडत बसतो, कोणी नाइलाजाने चार वर्षे ढकलतो. धर्मानंद तेथून उठले आणि बोधगयेस आले. पाली भाषा आणि बौद्ध ग्रंथ शिकावयाचे असतील तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे, ही माहिती त्यांना तेथे एका भिक्षूकडून मिळाली. घर सोडल्याला दोन वर्षे उलटून गेली होती. नेमका पत्ता आता लागला.

कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने ते १९०२ सालीच कोलंबोस पोचले. तेथील विद्योदय परिवेण हे विद्यालय १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी स्थापन केले होते. सुमंगल स्वतः तेथे प्रधानाचार्य होते. परिवेण म्हणजे विहाराला जोडलेली पाठशाळा. पाली वाङ्मयाची परंपरा तेथे खंड न पडता चालत आली होती. ग्रंथ होते, ते शिकविणारे होते, आणि त्या ग्रंथांत सांगितल्याप्रमाणे राहणारी माणसेही होती. धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि अभ्यासास आरंभ केला.

हा अभ्यास कसा होता हे जरा सविस्तर सांगणे अवश्य आहे. पाली भाषेला स्वतःची लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत, सयामात तेथल्या अक्षरांत. देवनागरीत त्या काळी पाली ग्रंथ जवळजवळ नव्हतेच. म्हणजे पंचविशी ओलांडलेल्या या विद्यार्थ्याला पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली. अध्यापक बोलत ती भाषा परकी, लिपी परकी, अन्न परके. परंतु काशीस घोकलेले व्याकरण येथे कामास आले. संस्कृत आणि पाली या सख्ख्या बहिणी; एकीचे घर ज्याला ठाऊक आहे त्याला दुसरीच्या घरातही वाट सापडते. काशीचे दिवस व्यर्थ गेले असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे. ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाचार्यांच्या ग्रंथाशी त्यांचा जो संबंध जडला तो आयुष्यभर सुटला नाही.

सिंहलद्वीपाचे हवापाणी व आहार त्यांना मानवले नाहीत. तेथून ते मद्रासेस आले, पुढे ब्रह्मदेशास गेले. ब्रह्मदेशात ती दुसरी लिपी शिकून घेतली, भिक्षूंबरोबर राहिले, ध्यानाचा अभ्यास केला. एकाच ग्रंथाचा सिंहली पाठ आणि ब्रह्मी पाठ दोन्ही वाचता येऊ लागल्यामुळे पाठभेद पारखण्याची शक्ती त्यांना आली. पुढे अमेरिकेतील पंडितांना त्यांची गरज भासली ती याच कारणाने. पोथीवरून भाषा शिकलेले विद्वान पश्चिमेकडे पुष्कळ होते. ज्याने त्या पोथ्या विहारात बसून गुरुमुखाने वाचल्या, असा मनुष्य दुर्मिळ होता.

१९०६ साली भिक्षूची वस्त्रे उतरवून ते कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. ज्याच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नाही, तो विद्यापीठात अध्यापक झाला! याच सुमारास ते गोव्यास जाऊन घरच्या माणसांना भेटले. बाळाबाई आणि माणिक काही काळ कलकत्त्यास येऊन राहिल्या. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे पुत्र दामोदर याचा जन्म झाला. गणितज्ञ व इतिहासकार म्हणून पुढे कीर्तीस चढलेले दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच.

कलकत्त्यास पगार चांगला होता, मानही होता. परंतु आपल्या भाषेच्या लोकांना बुद्ध समजावून द्यावा ही तळमळ स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी तेव्हा एक विलक्षण व्यवस्था करून दिली. धर्मानंदांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे, अभ्यास करावा, बडोदे सरकारसाठी ग्रंथ लिहावेत. दरमहा पन्नास रुपये मिळतील. कलकत्त्याचे वेतन याहून कितीतरी अधिक. धर्मानंदांनी पन्नास रुपये पत्करले. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. मराठीत या विषयाची सुबोध ओळख करून देणारे इतके छोटे आणि इतके स्वच्छ पुस्तक आजही क्वचितच आढळेल.

याच काळात हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता त्यांची व धर्मानंदांची गाठ पडली. हार्वर्डात ‘विसुद्धिमग्गा’च्या संशोधित आवृत्तीचे काम अपुरे पडून होते. ते हाती घेणारे हेन्री क्लार्क वॉरन १८९९ साली वारले होते. १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले आणि बोस्टनजवळच्या त्या जगद्विख्यात विद्यापीठात त्यांनी ते काम चालविले. प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याशी, श्रेय कोणाचे किती या मुद्द्यावर, त्यांचे पटले नाही. काम अर्धवट टाकून १९१२ साली ते परत आले. विद्यापीठ कितीही थोर असो, तेथे आपल्या कष्टांना न्याय मिळत नाही असे वाटले की माघारी फिरण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. मात्र राग धरून त्यांनी काम टाकून दिले नाही. पुढे १९१८ ते १९२२ पर्यंत व नंतर आणखी दोनदा ते तेथे जाऊन आले. १९१८ च्या खेपेस माणिक आणि दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. ज्या मुलीला पाळण्यात टाकून बाप विद्येसाठी निघून गेला होता, तिला घेऊन तोच बाप आता सातासमुद्रापार विद्येसाठी निघाला होता. या प्रसंगाविषयी आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. हिशेब त्याने पुरा होतो असे आम्ही म्हणत नाही. बाळाबाई तर याही वेळी मागेच राहिल्या.

हार्वर्डची आवृत्ती प्रसिद्ध व्हावयास १९५० साल उजाडले. ती पाहण्यास धर्मानंद नव्हते. तत्पूर्वी १९४० साली त्यांनी स्वतः देवनागरीत सिद्ध केलेली ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली होती. परक्या लिप्या गिरवण्यात त्यांना जी वर्षे घालवावी लागली, ती आता इकडच्या विद्यार्थ्याला घालवावी लागणार नव्हती.

१९१२ ते १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले त्यात डॉ. भांडारकरांचा पुढाकार होता. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या दारी ते ज्ञानाची भिक्षा मागावयास गेले, त्यांच्याच साहाय्याने ते ज्ञान त्यांनी त्याच शहरात आणून वाटले. पु. वि. बापट यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले विद्वान या वर्गातून तयार झाले. नंतर अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, १९२९ साली लेनिनग्राड, मग १९३० चा मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंगवास, अशी त्यांची वाटचाल झाली. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ‘निवेदन’ हे आत्मवृत्त त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले होते. मुलांनी ते अवश्य वाचावे. त्यात फुशारकी नाही, आणि स्वतःच्या चुका झाकण्याचा खटाटोपही नाही.

अखेरच्या दिवसांत शरीर थकले. आता आपल्या हातून काम होणे नाही असे वाटून त्यांनी अन्नत्याग केला, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचा देहान्त झाला. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले. पालीच्या अभ्यासासाठी इकडील काही विद्यार्थी परदेशी पाठवावेत ही धर्मानंदांची इच्छा होती, आणि ती पुरी व्हावी असे गांधीजींनाही वाटत होते. त्या विद्यार्थ्यांनी जावयाचे होते ते सिंहलद्वीपास. हार्वर्डास चार वेळा जाऊन आलेल्या माणसाने शेवटी नाव काढले ते त्याच बेटाचे.