निवृत्त जनरल आणि गोदावरी

माझे बाबा लष्कराच्या इंजिनिअर रेजिमेंटमध्ये सुभेदार आहेत. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतील. त्यानंतर काय, हा विषय आमच्या घरात सहसा कोणी काढत नाही.

मेच्या सुट्टीत आम्ही राजमहेंद्रीला गेलो होतो. तिथून जवळच धवळेश्वरमचा बंधारा आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी इथे इतकी रुंद होते की मी बघतच राहिलो. तिथे एका इंग्रज अधिकाऱ्याचा पुतळा आहे आणि त्याच्या गळ्यात ताजा हार होता. मला ते खटकलं. कंपनी सरकारच्या माणसाला आपले शेतकरी हार का घालतात? शाळेत परतल्यावर लायब्ररीत त्यांचं चरित्र शोधलं.

सर आर्थर कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ चा. घरातला हा दहावा मुलगा. सोळाव्या वर्षी ते मद्रास इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाले, म्हणजे माझ्याहून फक्त एका वर्षाने मोठे. (मी अजून गार्ड माउंटिंगला घाबरतो.)

आधी त्यांनी तंजावर भागात काम केलं. कावेरीचं पाणी कोळ्ळिडम या फाट्याकडे निघून जात होतं आणि शेतं सुकत होती. चोळ राजा करिकालाचा जुना बंधारा तिथे शतकानुशतकं उभा होता. वाळूत पाया कसा टिकवायचा हे कॉटन त्या बांधकामाकडून शिकले, आणि ही गोष्ट त्यांनी उघडपणे मान्य केली. १८३६ मध्ये त्यांनी कोळ्ळिडमवर बंधारा बांधला.

गोदावरीकाठची स्थिती वाईट होती. १८३३ च्या सुमारास त्या भागात मोठा दुष्काळ पडून असंख्य माणसं मेली, आणि तिकडे भरलेली नदी शेजारून समुद्राला जात होती. कॉटन यांची तब्येत खराब असतानाही १८४७ मध्ये काम सुरू झालं आणि १८५२ मध्ये पूर्ण झालं. हे उंच धरण नव्हतं. नदीतल्या बेटांचा आधार घेऊन चार तुकड्यांत बांधलेली ती ठेंगणी भिंत होती. पाणी कालव्यात शिरेल एवढंच ते वर उचलायचं. कालव्यांतून होड्याही चालत. सारा वाढेल म्हणून कंपनीने पैसे दिले, हेही खरं. पण भात पिकला तो शेतकऱ्यांच्या रानात.

१८६० मध्ये, ५७ व्या वर्षी ते निवृत्त झाले. मला वाटलं, चरित्र इथे संपेल. पण त्यानंतर ते ३९ वर्षं जगले आणि भांडत राहिले. रेल्वेवर एवढा पैसा कशाला, कालवे काढा, दुष्काळ टळेल आणि मालवाहतूकही स्वस्त होईल, असं ते सांगत. १८७८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांची उलटतपासणी झाली. समितीला ते पटलं नाही. शिवाय त्यांनी पुरस्कार केलेल्या कर्नूल-कडप्पा कालव्याचा आर्थिक फज्जा उडाला होता, त्यामुळे विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

मलाही त्यांचं सगळं पटत नाही. समुद्राला मिळणारं पाणी वाया गेलं असं ते धरून चालत. पण गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाची खारफुटी त्याच गोड्या पाण्यावर जगते.

म्हातारपणी ते इंग्लंडमध्ये डॉर्किंगला राहिले. तिथे ते जमीन खोल खणून गहू लावायचे आणि पीक किती वाढतं ते पाहायचे. २४ जुलै १८९९ रोजी, ९६ व्या वर्षी ते वारले.

हे सगळं मी बाबांना पत्रात लिहिलं. उत्तर लांबलचक नव्हतं. माण तालुक्यातल्या आमच्या ओढ्याचं पेन्सिलने काढलेलं चित्र आलं. त्यावर दोन ठिकाणी फुल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की दिवाळीला येताना मोजपट्टी घेऊन ये.