वाल्डेमार हाफकिन

ईलिंगहून मुंबईस निघण्यापूर्वी आम्ही मुलांना लस टोचून आणतो, तेव्हा परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटची आठवण होते.

वाल्डेमार हाफकिन या यहुदी शास्त्रज्ञांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. पॅरिसमध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ साली स्वतःला टोचून पाहिली. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

रोगाला देशाची वेस नसते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये उसळलेला प्लेग १८९६ साली मुंबईस पोहोचला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तीन महिन्यांत लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःलाच टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वखुशीने पुढे आले.

१९०२ साली पंजाबात मुलकोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला, हातचे काम गेले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी मांडले. तरी निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० साली ते लोझान येथे वारले. ज्याने सुई आधी आपल्या अंगाला लावली, त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे.