अ‍ॅलिस्टर हार्डी : रेशमी पट्टीवर समुद्राची नोंद ठेवणारा माणूस

समुद्र बदलतोय असं आपण सगळेच ऐकतो. पण बदल मोजायचा तर समुद्र आधी कसा होता हे माहीत पाहिजे ना? उपग्रह तर अलीकडचे. मग ८०-९० वर्षांपूर्वीच्या समुद्राची माहिती येते कुठून? हे शोधताना मी अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्यापर्यंत पोहोचलो.

हार्डी यांचा जन्म १८९६ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. ऑक्सफर्डला प्राणिशास्त्र शिकून १९२१ मध्ये ते लोस्टॉफ्टच्या सरकारी मत्स्य प्रयोगशाळेत लागले. काम होतं, हेरिंग मासा काय खातो ते शोधायचं. उत्तर सापडलं प्लवकांमध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक वनस्पती आणि जिवांमध्ये.

अडचण अशी, की प्लवक समुद्रात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, त्यांचे थवे असतात. एका जागी जहाज थांबवून जाळं टाकलं आणि थवा दोन किलोमीटर पुढे असला, तर जाळं जवळजवळ रिकामं येणार. आणि दर थोड्या अंतरावर जहाज थांबवणं कुणाला परवडेल?

१९२५ ते १९२७ या काळात हार्डी 'डिस्कव्हरी' जहाजावरून अंटार्क्टिक समुद्रात गेले. देवमासे आणि त्यांचं अन्न यांचा अभ्यास करणारी ती मोहीम होती. या सफरीसाठी त्यांनी एक यंत्र बनवलं : कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर.

यंत्र चालतं कसं?

जुन्या कॅमेऱ्यातला फिल्मचा रोल आठवा. तसाच इथे रेशमी जाळीचा रोल असतो. जहाजामागे दोरावर ओढलेल्या यंत्रात पुढच्या लहान भोकातून पाणी शिरतं, जाळीतून गाळलं जातं आणि मागून बाहेर पडतं. प्लवक जाळीवर अडकतात. लगेच वरून दुसरी रेशमी पट्टी बसते आणि दोन्ही पट्ट्या गुंडाळत फॉर्मॅलिनच्या टाकीत जातात. रोल फिरवायला मोटर नाही, बॅटरी नाही. मागचा पंखा पाण्याच्या जोरावर फिरतो आणि गिअरमधून रोल पुढे सरकवतो. त्यामुळे पट्टीचा कुठला तुकडा कुठल्या पाण्यातला, हे नंतर जहाजाच्या मार्गावरून काढता येतं. आज एक नमुना १० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण साडेअठरा किलोमीटरचा धरतात.

मला यातली खरी हुशारी पुढच्या पायरीत दिसते. १९२८ मध्ये हार्डी हल इथे प्राध्यापक झाले आणि १९३१ पासून त्यांनी हे यंत्र नेहमीच्या मालवाहू जहाजांच्या मागे बांधायला सुरुवात केली. जहाजावर शास्त्रज्ञ लागत नाही. खलाशांनी यंत्र पाण्यात सोडायचं आणि ठरल्या जागी वर घ्यायचं, बस्स.

यंत्राला मर्यादा आहेतच. फार बारीक जीव जाळीतून निसटतात, मऊ जेलीसारखे जीव चिरडतात. सुधारायचा मोह कुणालाही झाला असता. पण पद्धत बदलली की जुने आणि नवे आकडे एकमेकांशी ताडून पाहणं अवघड होतं. म्हणून मूळ पद्धत शक्य तेवढी तशीच ठेवली गेली. दुसऱ्या महायुद्धात काम थांबलं, नंतर पुन्हा सुरू झालं. १९८०च्या दशकात पैशांअभावी ते कायमचं बंद पडायची वेळ आली होती, तरी टिकलं.

हार्डी १९८५ मध्ये गेले. त्यांना हवं होतं ते मासेमारीला उपयोगी पडेल असं ज्ञान. पण २००२ मध्ये याच नोंदींवरून कळलं, की ईशान्य अटलांटिकमधले उबदार पाण्यातले कोपेपॉड सुमारे ४० वर्षांत जवळपास १० अक्षांश उत्तरेला सरकलेत. २००४ मध्ये १९६०च्या दशकापासूनचे जपून ठेवलेले रेशमी तुकडे पुन्हा तपासले, तर त्यांत प्लास्टिकचे बारीक कण निघाले आणि ते काळानुसार वाढत गेलेले दिसले. पट्ट्या गोळा केल्या तेव्हा हे कण कुणी शोधतच नव्हतं.

आपण दर दोन वर्षांनी ॲप आणि सेन्सर बदलतो. हार्डींचं यंत्र बघितल्यावर मला वाटतं, नवं उपकरण घेताना एक प्रश्न विचारायलाच हवा : याची आजची नोंद ५० वर्षांनी कुणाला वाचता येईल का?