ट्रामसाठी दिलेली लाच चूक की बरोबर? टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात सोडवलेलं कोडं

पनवेलहून सकाळची सीएसएमटी लोकल. तुम्हाला बसायला जागा मिळालीय. वाशीला एक आजोबा चढतात आणि तुम्ही उठता. पण का उठलात? मनापासून वाटलं म्हणून, की समोरचे बघतायत म्हणून? आजोबांना जागा तर दोन्ही वेळा मिळालीच. मग फरक काय?

याचं उत्तर शोधायला मानसशास्त्रही लागतं आणि तत्त्वज्ञानही. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मराठीत हे दोन्ही एकत्र आणून या प्रश्नाचा कीस पाडला तो लोकमान्य टिळकांनी.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. शिक्षण गणित आणि कायद्याचं. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. शिक्षा झाली सहा वर्षांची आणि रवानगी थेट ब्रह्मदेशात, मंडालेला. वय ५२, त्यात मधुमेह. तुरुंगात असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या.

याच तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. १९१४ मध्ये सुटका झाली आणि १९१५ मध्ये पुस्तक आलं.

नावावरून वाटतं हा फक्त गीतेचा अर्थ. पण आत कांट आहे, मिल आहे, हॅम्लेटही आहे. आणि अमेरिकेतला एक किस्साही आहे. एका शहरात एकाला ट्राम सुरू करायची होती. परवानगी अडकली, म्हणून त्याने लाच दिली. ट्राम धावली, हजारोंची सोय झाली. पुढे खटला उभा राहिला. पहिल्या ज्यूरीचं एकमत होईना, दुसऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं.

टिळकांचा मुद्दा असा, की जास्तीत जास्त लोकांचं भलं एवढीच फूटपट्टी असेल तर ही लाच योग्य ठरायला हवी. ती ठरत नाही. म्हणजे परिणामाच्या आधी करणाऱ्याची बुद्धी बघावी लागते.

मग मनाचा कौल मानायचा का? तोही डोळे झाकून नाही, असं टिळक सांगतात. इंद्रियं माहिती आणतात, मन ती मांडतं, बुद्धी निर्णय घेते. आणि ही बुद्धी सगळ्यांची सारखी नसते. संस्कार, शिक्षण यांनी ती घडते, तशी बिघडतेही.

योगायोग बघा. १९६७ मध्ये तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनीही ट्रामचंच कोडं मांडलं. पाच जणांना वाचवायला एकाचा जीव जाऊ द्यावा का? मीम्समधला ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ तो हाच. २००१ मध्ये जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी अशी कोडी सोडवणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले. काही कोड्यांत भावनांशी जोडलेले भाग जास्त सक्रिय दिसले.

आता थोडं अवघड. १८९१ मध्ये मुलींचं संमतीवय १० वरून १२ करणाऱ्या कायद्याला याच टिळकांनी विरोध केला होता. परक्या सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये, हा त्यांचा मुद्दा. तेव्हा त्यांना ते योग्यच वाटलं असणार. आज आपल्याला वाटत नाही.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. बुद्धी तपासून घ्यावी लागते हे त्यांनी लिहिलं, आणि ते त्यांनाही लागू होतं. आपल्यालाही.