अरणगावचे मौनी मेहेरबाबा लंडनच्या रॉक बँडच्या अल्बमवर कसे पोहोचले?

नगरहून दौंडकडे निघालं की अरणगावजवळ रेल्वेलाईनलगत मेहेराबाद लागतं. टेकडीवर एक छोटी घुमटाची समाधी आहे. इथे विसावलेल्या माणसाने आयुष्याची शेवटची ४३ वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. आणि त्याचं नाव जगभर वाजलं ते कानठळ्या बसवणाऱ्या एका ब्रिटिश रॉक बँडमुळे.

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात, एका इराणी झोरास्ट्रियन कुटुंबात झाला. डेक्कन कॉलेजात शिकणारा, गाण्याची आणि कवितेची आवड असणारा हा मुलगा १९१३ मध्ये पुण्याच्या हजरत बाबाजान यांच्या सहवासात आला आणि आयुष्याची दिशाच बदलली. पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांकडे काही वर्षं गेली. तोवर शिष्य त्यांना मेहेरबाबा म्हणू लागले होते.

१९२३ मध्ये ते अरणगावला आले. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या पडक्या इमारती तिथे उरल्या होत्या, त्यांतच आश्रम उभा राहिला. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं. सुरुवातीला पाटी, मग इंग्रजी अक्षरांचा तक्ता, आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणा. १९३१ मध्ये ते पहिल्यांदा युरोपला निघाले, तेव्हा त्याच बोटीवर गोलमेज परिषदेला चाललेले गांधीजीही होते. १९५२ मध्ये अमेरिकेत आणि १९५६ मध्ये साताऱ्याजवळ असे दोन भीषण मोटार अपघात झाले. दुसऱ्यानंतर चालणंही कठीण झालं. १९५४ मध्ये त्यांनी आपण अवतार असल्याचं जाहीर केलं होतं. भक्तांनी ते मानलं, इतरांनी नाही.

साठच्या दशकात पाश्चात्त्य तरुणाई एलएसडीच्या गोळीत देव शोधत होती. बाबांनी त्याला ठाम विरोध केला. नेमका हाच विरोध 'द हू' या बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड याला भिडला. १९६७ मध्ये चित्रकार माइक मॅकइनर्नी याच्याकडून त्याला बाबांची ओळख झाली आणि त्याने नशा सोडली. बाबांशी त्याची भेट मात्र कधीच झाली नाही. बँड लंडनमध्ये 'टॉमी' रेकॉर्ड करत असतानाच, ३१ जानेवारी १९६९ रोजी नगरजवळच्या मेहेराझाद इथे बाबांनी देह ठेवला. मे महिन्यात अल्बम आला, तेव्हा श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख अवतार म्हणून होता.

खरी कसोटी पुढेच होती. 'टॉमी'नंतर टाउनशेंडने 'लाइफहाउस' नावाचा प्रचंड प्रकल्प डोक्यात घेतला. माणसाची माहिती सिंथेसायझरला दिली तर त्यातून त्या माणसाचं संगीत निघेल का, असा त्याचा प्रयोग होता आणि त्यासाठी समोर होते मेहेरबाबा. कल्पना भन्नाट, पण बँडमधल्या कुणालाही ती नीट कळेना. लंडनच्या यंग विक नाट्यगृहातले प्रयोग फसले, न्यूयॉर्कचं रेकॉर्डिंगही बाजूला ठेवावं लागलं. टाउनशेंड मनाने पार खचला.

तेव्हा आला ग्लिन जॉन्स. रोलिंग स्टोन्सबरोबर काम केलेला हा ध्वनिमुद्रक. त्याने टेप ऐकल्या, कथा बाजूला ठेवली आणि गाणी तेवढी उचलली. 'द हू'ची ताकद मंचावर होती. सतत दौरे करून चौघांना एकमेकांचा अंदाज पक्का आला होता. १९७० चा 'लाइव्ह ॲट लीड्स' ऐकला की ते कळतं. प्रश्न होता तो हा जोर स्टुडिओत न हरवण्याचा. त्यात टाउनशेंडने घरी ऑर्गनवर केलेली एकसुरी, फिरती धून पायाला होती. यंत्राचा ठेका कुणासाठी थांबत नाही. ड्रमर कीथ मून म्हणजे तर नुसतं वादळ, तरी असल्या टेपशी ताल जुळवताना तो हेडफोन लावून वाजवू लागला. शेवटच्या व्हायोलिनची कल्पनाही त्याचीच.

त्या गाण्याचं नाव 'बाबा ओ'रायली'. मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या नावांची ही जोड. गंमत म्हणजे शब्दांत बाबा कुठेच नाहीत, ती 'लाइफहाउस'मधल्या माणसांची गोष्ट आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये 'हूज नेक्स्ट' बाजारात आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. जॉन्सला श्रेय मिळालं ते सहनिर्माता म्हणून. वास्तविक तो नसता तर अल्बम झालाच असता का, ही शंकाच आहे.

१९७२ मध्ये टाउनशेंड मेहेराबादला समाधीवर येऊन गेला. त्याच वर्षी 'हू केम फर्स्ट' हा त्याचा स्वतःचा अल्बम निघाला. बाबांच्या प्रार्थनेवर बेतलेलं गाणं त्यात आहे, शिवाय बाबांना आवडणारं जिम रीव्हजचं एक गाणंही त्याने त्यात गायलंय.

दरवर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीसाठी देशोदेशीचे लोक अरणगावच्या टेकडीवर जमतात. गाणी, भजनं चालू असतात. दुपारी बारा वाजता सगळं थांबतं आणि पंधरा मिनिटं कुणीही बोलत नाही.