धुळ्यात जन्मले, काँग्रेसचे अध्यक्ष झाले. खान्देश मात्र विसरला

यावल : डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष पंडित नेहरू होते, हे इथे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण त्याच्या २४ वर्षे आधी खान्देशात जन्मलेला एक वकील याच काँग्रेसचा अध्यक्ष झाला होता, हे किती जणांना माहिती आहे? त्यांचे नाव रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर.

जन्म १६ मे १८५७, धुळे. घर मध्यमवर्गीय. शिक्षण काही धुळ्यात, काही वऱ्हाडात झाले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढे अमरावतीत वकिली थाटली.

१८८८ पासून ते काँग्रेसच्या अधिवेशनांना जाऊ लागले. १८९० मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी, ह्यूम यांच्यासोबत ते थेट विलायतेला गेले. कायदे करणाऱ्या कौन्सिलात लोकांनी निवडलेली माणसं हवीत, ही त्यांची मागणी. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलं थोडी मोठी झाली, पण खरी सत्ता साहेबाकडेच राहिली.

त्यांना दुसरी चिंता होती ती धंद्याची. आपला कापूस बोटीने बाहेर जायचा अन् कापड होऊन परत यायचा. इथेच कारखाने निघावेत, पोरांना तांत्रिक शिक्षण मिळावे म्हणून औद्योगिक परिषदेचे चिटणीस या नात्याने ते राबले.

१९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. अमरावतीचेच वकील दादासाहेब खापर्डे टिळकांकडे राहिले, तर मुधोळकर गोखल्यांकडे. एकाच गावातले दोन वकील दोन गटांत गेले. डिसेंबर १९१२ मध्ये पाटण्याजवळ बांकीपूरला मुधोळकर अध्यक्ष झाले, तेव्हा टिळकांची माणसं काँग्रेसबाहेरच होती.

पुढे मवाळांनी वेगळी चूल मांडली, तसे तेही काँग्रेसमधून बाहेर पडले. १३ जानेवारी १९२१ ला ते वारले, तेव्हा गांधीजींचे असहकार आंदोलन देशभर पेटले होते. अर्ज-विनंत्यांचा काळ सरला होता. फैजपूरच्या अधिवेशन नगरालाही नाव मिळाले ते टिळकांचे.

मार्ग मवाळ होता म्हणून माणूस मागे पडला. पण आज ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आपण बोटाला शाई लावून घेतो. निवडून देण्याचा हा हक्क मागायला १८९० मध्ये जी माणसं विलायतेला गेली, त्यांत एक आपल्या धुळ्याचा होता.