पगाराची तारीख मागणारा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

मी राहात्यात घरी बसून पुण्यातल्या एका स्टार्टअपचं काम करतो. गेल्या वर्षी आमचा पगार दोन महिने लटकला. एचआरचं उत्तर ठरलेलं : फंडिंग येतंय, थोडं थांबा. बाईकचा हप्ता मात्र ५ तारखेला कट व्हायचाच. त्याच दिवसांत मोबाईलवर शोधाशोध करताना मला लोखंडे भेटले.

लोखंडेंचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून पुढे ते मुंबईच्या मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर झाले. गिरणीतले हाल त्यांनी आतून पाहिले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र चालवलं.

तेव्हा गिरणीत महिना भरला तरी पगार लगेच हातात पडत नसे. तोवर किराणा उधारीवर आणि कर्ज सावकाराचं. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडेंनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि जखमी कामगाराला मदत या मागण्या होत्या. आणखी एक होती, मला सगळ्यात जवळची : पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

१० जून १८९० ला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पगाराच्या तारखेला मात्र वेळ लागला. ९ फेब्रुवारी १८९७ ला, मुंबईतल्या प्लेगच्या साथीत लोखंडे गेले. पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्ट आला तो थेट १९३६ मध्ये. आज वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा.

लोखंडेंकडून मी एक गोष्ट उचलली. एकेकट्याने फोन करत बसायचं नाही. सगळ्यांनी मिळून, लेखी, तारीख मागायची. आम्ही सात जणांनी एकच मेल टाकला. पैसे दोन हप्त्यांत आले, पण तारीख लेखी मिळाली.

तुम्हीही एक काम आजच करा. उमंग अ‍ॅपमध्ये पीएफचं पासबुक उघडा. सॅलरी स्लिपवर कापलेली रक्कम तिथे जमा दिसत नसेल, तर पगार लटकायची वाट बघू नका. आत्ताच विचारा, आणि लेखी विचारा.